एनएफएलच्या पहिल्या महिन्यातले आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचा, म्हणजे एनएफएलचा हंगाम सुरू होतो आणि पहिल्याच सोमवारी 'कोण कशात पुढे' अशा याद्या फिरू लागतात. न्यू जर्सी किंवा डॅलसमधल्या ज्या मराठी मंडळींना ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचा आपला संघ निवडून त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवायचा खेळ) पहिल्यांदाच ओढलं जातं, त्यांचे प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. खेळाची तोंडओळख आहे असं धरून चाललो आहे. चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक, झेलतो तो रिसीव्हर, घेऊन पळतो तो रनिंग बॅक, एवढं ठाऊक असलं तरी भागेल.

या याद्या नेमक्या कशाकशाच्या असतात?

आक्रमणात पासिंग (फेकणं), रशिंग (घेऊन पळणं) आणि रिसीव्हिंग (झेलणं) या तिन्हींचे यार्ड आणि टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं). बचावात सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच मागे पाडणं), इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडणं) आणि टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणं). गुणांची यादीही असते, पण तिच्यात बहुतेक वेळा किकर वर असतात, त्यामुळे तिची चर्चा फारशी कोणी करत नाही.

चार आठवडे झाले म्हणजे किती हंगाम झाला?

चौथा हिस्साही नाही. २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो. आयपीएलच्या पहिल्या आठवड्यात ऑरेंज कॅप कोणाच्या डोक्यावर आहे, यावर जितका भरवसा ठेवाल तितकाच इथेही ठेवा.

सप्टेंबरमध्ये अव्वल असलेला जानेवारीपर्यंत टिकतो का?

कधी टिकतो, कधी त्याची संघातली जागासुद्धा टिकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी पाहायच्या असतील तर २०१८ घ्या.

टँपा बे बक्कनिअर्सचा ठरलेला क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन पहिले तीन सामने निलंबित होता. त्याच्या जागी आला रायन फिट्झपॅट्रिक. हार्वर्डचा पदवीधर, भरघोस दाढी, अनेक संघ फिरून आलेला पस्तिशीतला गडी. पहिल्या सामन्यात न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ४१७ यार्ड. दुसऱ्यात फिलाडेल्फियाविरुद्ध पहिल्याच प्लेवर डीशॉन जॅक्सनला ७५ यार्डांचा टचडाउन, एकूण ४०२ यार्ड. सामना संपल्यावर पठ्ठ्या जॅक्सनचेच कपडे आणि साखळ्या अंगावर चढवून पत्रकारांसमोर आला. तिसऱ्यात पिट्सबर्गविरुद्ध ४११. हंगामाच्या पहिल्या तिन्ही सामन्यांत ४०० च्या वर यार्ड त्याआधी कोणीच काढले नव्हते. तीन सामन्यांत १,२३० यार्ड!

चौथ्या सामन्यात शिकागोने टँपा बेचा ४८–१० असा धुव्वा उडवला. मध्यंतरानंतर फिट्झपॅट्रिक बाकावर आणि विन्स्टन मैदानात. टँपा बेचा हंगाम ५ विजय आणि ११ पराभवांवर संपला.

त्याच तीन आठवड्यांत कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सचे यार्ड होते ८९६, फिट्झपॅट्रिकपेक्षा तीनशेहून अधिकने कमी. मात्र त्याने १३ टचडाउन फेकले होते आणि इंटरसेप्शन एकही नव्हतं. पहिल्या तीन सामन्यांतला टचडाउनचा आधीचा विक्रम पेटन मॅनिंगच्या १२ चा. महोम्सने हंगाम संपवला ५० टचडाउन, ५,०९७ यार्ड आणि एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू) पुरस्कार घेऊन.

मग टिकणारा कोण आणि घसरणारा कोण, हे आधी कळतं का?

पक्कं कुणालाच कळत नाही. पण नजर कुठे ठेवायची हे सांगता येतं. यार्ड आणि टचडाउन शेवटी बघा. त्याआधी त्या खेळाडूला काम किती मिळतंय ते बघा. क्वार्टरबॅकने किती पास फेकले, रिसीव्हरकडे किती वेळा चेंडू फेकला गेला (याला टार्गेट म्हणतात), रनिंग बॅकच्या हातात किती वेळा चेंडू दिला गेला. काम किती द्यायचं हे प्रशिक्षक ठरवतो आणि तो आपलं मत रोज बदलत नाही. टचडाउनचं तसं नसतं. मोठी धाव एक यार्डावर अडली की पुढच्या प्लेला दुसराच कोणीतरी चेंडू घेऊन आत पडतो आणि यादीत त्याचं नाव लागतं.

लॉस एंजेलिस रॅम्सचा पुका नाकुआ हे माझं आवडतं उदाहरण. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पाचव्या फेरीत निवडलेला नवखा पोरगा. संघाचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जायबंदी, म्हणून याला संधी. पहिल्या सामन्यात १० झेल, दुसऱ्यात १५. कारकिर्दीच्या पहिल्या दोन सामन्यांत २५ झेल कोणीच घेतले नव्हते. 'कप परत येऊ दे, मग बघू' असं म्हणणारे पुष्कळ होते. पण त्या दोन सामन्यांतली त्याची टार्गेट्स होती १५ आणि २०. एखाद-दुसरा लांब पास नशिबाने हाती लागला म्हणून हा वर आला नव्हता. क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड प्रत्येक अडचणीत त्यालाच शोधत होता. कप पाचव्या आठवड्यात परतला, तरी नाकुआने हंगाम १०५ झेल आणि १,४८६ यार्डांवर नेला. नवख्या खेळाडूच्या यार्डांचा १९६० पासूनचा विक्रम त्याने मोडला.

उलट उदाहरण २०२१ चं. कॅरोलायना पँथर्सचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डने पहिल्या चार सामन्यांत स्वतः पळत पाच टचडाउन केले. रशिंग टचडाउनच्या यादीत नामांकित रनिंग बॅकच्या रांगेत एक क्वार्टरबॅक, तोही पळण्यासाठी मुळीच प्रसिद्ध नसलेला! हंगामाअखेर त्याचे रशिंग टचडाउन किती? पाचच. गोलरेषेजवळच्या छोट्या धावांवर उभा राहिलेला आकडा होता तो.

एका सामन्याच्या आकड्याला १७ ने गुणलं तर?

करमणूक म्हणून खुशाल गुणा. ५ सप्टेंबर २०१३ ला डेन्व्हरच्या पेटन मॅनिंगने सलामीलाच बाल्टिमोरविरुद्ध सात टचडाउन फेकले. तेव्हाच्या १६ सामन्यांनी गुणलं तर ११२ होतात. प्रत्यक्षात त्याने ५५ फेकले आणि तोच मोसमाचा विक्रम ठरला. म्हणजे इतिहासातल्या सर्वोत्तम हंगामालाही सलामीचा वेग निम्म्यावर आणावा लागला.

२०२३ मध्ये मायामीच्या टायरिक हिलने पहिल्या सामन्यात २१५ यार्ड काढले. २,००० यार्डांचं लक्ष्य त्याने आधीच बोलून दाखवलं होतं. आठ सामन्यांत हजार पार झाले, सगळं कसं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. मग घोटा दुखावला, एक सामना हुकला, आणि गाडी १,७९९ वर थांबली. तरीही त्या वर्षी लीगमध्ये तोच पहिला आला.

सॅकच्या बाबतीत तर गुणाकाराच्या नादी लागूच नका. २०२१ च्या सलामीला ॲरिझोनाच्या चँडलर जोन्सने टेनेसीविरुद्ध एकाच सामन्यात पाच सॅक घेतले. हंगामात एकूण १०.५, म्हणजे उरलेल्या सगळ्या सामन्यांत मिळून साडेपाच. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या टी. जे. वॉटने २२.५ सॅक घेऊन मायकेल स्ट्रेहानच्या २००१ च्या विक्रमाशी बरोबरी केली.

साडेपाच सॅक? अर्धा सॅक कसा काय?

दोघांनी मिळून पाडलं की अर्धा-अर्धा. सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासूनची आहे, त्यामुळे त्याआधीच्या दिग्गजांची नावं या यादीत दिसत नाहीत.

हरणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक यादीत इतका वर कसा?

हरतोय म्हणूनच वर! मागे पडलेल्या संघाला घड्याळ वाचवायचं असतं. पळून चार यार्ड काढण्यात वेळ जातो, म्हणून तो पास फेकत सुटतो. पुढे असलेला संघ नेमकं उलटं करतो आणि चेंडू धावपटूच्या हातात देऊन वेळ खातो. म्हणून रशिंगच्या यादीत जिंकणाऱ्या संघांची नावं जास्त आणि पासिंगच्या यादीत खिचडी.

२०११ मध्ये कॅरोलायनाच्या कॅम न्यूटनने कारकिर्दीतल्या पहिल्या दोन सामन्यांत ४२२ आणि ४३२ यार्ड फेकले आणि संघ दोन्ही हरला. जॅक्सनव्हिलच्या ब्लेक बोर्टल्सने २०१५ मध्ये ३५ टचडाउन फेकले, संघाचे विजय पाच. २०२४ मध्ये सिनसिनाटीच्या जो बरोने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन अशा दोन्ही याद्या जिंकल्या, तरी त्याचा संघ बाद फेरीत पोहोचला नाही. त्यात बरोचा काय दोष? बचावाने दिलेले गुण तो एकटा किती फेडणार!

प्रतिस्पर्धी कोण होता, याने किती फरक पडतो?

सुरुवातीला फार. एका दुबळ्या संघाविरुद्धचा एक सामना म्हणजे महिन्याच्या आकड्यांतला पाव भाग. २०१९ च्या सलामीला बाल्टिमोरच्या लामार जॅक्सनने मायामीविरुद्ध २० पैकी १७ पास पूर्ण करत ३२४ यार्ड आणि पाच टचडाउन केले, निकाल ५९–१०. पुढच्या रविवारी न्यू इंग्लंडने त्याच मायामीला ४३–० ने झोडपलं. तेव्हा लोक म्हणाले, मायामीविरुद्ध काय कोणीही खेळेल. तसं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. जॅक्सन त्या वर्षी ३६ टचडाउनसह लीगमध्ये पहिला आला आणि एकमताने एमव्हीपी ठरला. प्रतिस्पर्धी दुबळा म्हणून आकडा मोडीत काढू नका, थोडा छाटा.

१५८.३ हे पासर रेटिंग काय प्रकरण आहे? १०० का नाही?

१९७३ मध्ये लीगने स्वीकारलेलं हे सूत्र आहे. पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण, प्रत्येक पासमागचे यार्ड, टचडाउनचं प्रमाण आणि इंटरसेप्शनचं प्रमाण असे चार भाग. प्रत्येक भागाला कमाल २.३७५ गुण. चारही भरले की बेरजेला सहाने भागून शंभराने गुणायचं, उत्तर १५८.३. त्यासाठी ७७.५ टक्के पास पूर्ण, दर पासमागे १२.५ यार्ड, ११.८७५ टक्के टचडाउन आणि एकही इंटरसेप्शन नको. वर सांगितलेला जॅक्सनचा सामना असाच, आणि त्याच रविवारी डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटनेही न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध १५८.३ गाठले होते.

गंमत खालच्या टोकाला आहे. एखाद्याचे सगळेच्या सगळे पास जमिनीवर पडले, फक्त प्रतिस्पर्ध्याच्या हाती एकही गेला नाही, तर त्याचं रेटिंग शून्य येत नाही, ३९.६ येतं. काहीच न केल्याचे गुण! आणि क्वार्टरबॅक पळून जे काही करतो त्याचा या सूत्रात पत्ताच नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यात रेटिंगपेक्षा दर पासमागचे यार्ड बघावेत. निम्मी गोष्ट तिथेच कळते.

एका पासवर ७५ यार्ड टचडाउन केलेल्या रिसीव्हरचं नाव सरासरीच्या यादीत का नाही?

सरासरीच्या याद्यांना किमान कामाची अट असते: पासिंगला संघाच्या दर सामन्यामागे १४ पास, रशिंगला ६.२५ धावा, रिसीव्हिंगला १.८७५ झेल. एकूण यार्डांना किंवा टचडाउनला अशी अट नाही.

बाय वीकमुळे यादी बिघडते का?

हो. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून संघ आळीपाळीने एक आठवडा विश्रांती घेतात. त्या दिवसांत एकाचे सहा सामने झालेले असतात, दुसऱ्याचे पाच. तेव्हा दर सामन्यामागचा आकडा पाहा.

रशिंगच्या यादीचं काय? तिथे तरी सुरुवातीचं चित्र खरं असतं का?

इथे २०२४ सारखं शिकवणारं वर्ष नाही. चार आठवड्यांनंतर पहिले तीन असे होते: बाल्टिमोरचा डेरिक हेन्री ४८०, सॅन फ्रान्सिस्कोचा जॉर्डन मेसन ४४७ आणि फिलाडेल्फियाचा सेक्वॉन बार्कली ४३५.

हेन्रीची सुरुवात पहिल्या सामन्यात अवघ्या ४६ यार्डांनी झाली होती. चौथ्या सामन्यात बफेलोविरुद्ध संघाच्या पहिल्याच प्लेवर तो ८७ यार्ड पळत सुटला आणि त्या रात्री १९९ यार्ड काढून यादीच्या माथ्यावर जाऊन बसला. मेसन हा जायबंदी ख्रिश्चन मॅकॅफ्रीच्या जागी खेळत होता. बार्कली न्यूयॉर्क जायंट्स सोडून नव्या संघात आला होता. सलामीचा सामना ब्राझीलमध्ये साओ पावलोला, तिथे त्याचे तीन टचडाउन.

शेवटी काय झालं? मेसन ७८९ वर राहिला. हेन्री १,९२१. आणि बार्कली २,००५! त्याच्या चार सामन्यांच्या वेगाने गणित केलं तर १७ सामन्यांत १,८५० च्या आसपास येतात. तो त्या वेगाच्याही पुढे गेला, आणि तेही १६ सामन्यांत. नोव्हेंबरात रॅम्सविरुद्ध त्याने एकाच रात्री २५५ यार्ड काढले, त्यात ७० आणि ७२ यार्डांचे दोन टचडाउन. सुरुवातीचे आकडे फुगलेलेच असतात असा समज करून घेतलेल्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं. समोरची आक्रमण-फळी भक्कम असली की रनिंग बॅकचे आकडे थंडी पडल्यावर वाढूही शकतात.

भाराचीही एक बाजू आहे. डॅलसच्या डीमार्को मरेने २०१४ च्या पहिल्या आठही सामन्यांत शंभर-शंभर यार्ड पार केले, असं आधी कोणी केलं नव्हतं. हंगामात १,८४५ यार्ड, पण त्यासाठी ३९२ वेळा चेंडू घेऊन अंगावर मार झेलला. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाकडून खेळताना त्याचे यार्ड होते ७०२.

इंटरसेप्शनमध्ये पुढे असलेला बचावपटू सर्वोत्तम समजायचा का?

चेंडू पकडण्यात पटाईत समजा. २०२१ मध्ये डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जने पहिल्या सहाही सामन्यांत किमान एक पकडत सातपर्यंत मजल मारली. लोक लगेच डिक 'नाइट ट्रेन' लेनच्या १९५२ मधल्या १४ च्या विक्रमाचं बोलू लागले. डिग्ज ११ वर थांबला, आणि वर्षभर त्याच्याविरुद्ध यार्डही बक्कळ निघाले. जुगार खेळणारा बचावपटू कधी चेंडू पळवतो, कधी समोरच्याला मोकळं रान देतो. लेनचे १४ तर १२ सामन्यांच्या हंगामातले आहेत, हे विशेष.

आता १७ सामने असताना जुन्या विक्रमांशी तुलना कशी करायची?

दर सामन्यामागे. ओ. जे. सिम्पसनने १९७३ ची सुरुवात न्यू इंग्लंडविरुद्ध २५० यार्डांनी केली आणि हंगाम २,००३ वर संपवला, १४ सामन्यांत. दर सामन्याला १४३. एरिक डिकरसनचे १९८४ मधले २,१०५ यार्ड १६ सामन्यांतले. बार्कलीला तो विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते आणि एक सामना शिल्लक होता. बाद फेरीआधी दुखापत नको म्हणून संघाने त्याला बसवून ठेवलं. मला तो निर्णय पटला. त्याच मोसमात फिलाडेल्फियाने सुपर बोल, म्हणजे अंतिम सामनाही जिंकला.

सोमवारी पाहिलेला आकडा बुधवारी बदलला. कोणी घोळ घातला का?

घोळ नाही, फेरतपासणी. सामन्याच्या वेळी नोंदी घाईत होतात. नंतर चित्रीकरण पाहून दुरुस्त्या होतात. लीगच्या अधिकृत नोंदींचं काम एलायस स्पोर्ट्स ब्यूरो पाहतं. फँटसीत अर्ध्या गुणाने जिंकलेला सामना यामुळे हातचा जातो, आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर जे होतं ते इथे न लिहिलेलं बरं.

या दुरुस्तीवर मोसमाचा विक्रमही टांगणीला लागू शकतो. २०१३ अखेर मॅनिंगचे यार्ड झाले ५,४७७. ड्रू ब्रीजचा २०११ चा विक्रम ५,४७६. फरक एका यार्डाचा! शेवटच्या सामन्यात ओकलंडविरुद्ध एरिक डेकरला दिलेला सात यार्डांचा एक पास किंचित मागे गेल्यासारखा दिसत होता. मागे गेलेला चेंडू नियमाने पास धरत नाहीत, तो धावेत मोजतात. तसं ठरतं तर विक्रम ब्रीजकडेच राहिला असता. चित्रीकरण तपासलं, पास कायम ठेवला.

संघाचे पासिंग यार्ड आणि क्वार्टरबॅकचे यार्ड जुळत नाहीत, असं का?

सॅकमध्ये गमावलेले यार्ड संघाच्या खात्यातून वजा होतात, क्वार्टरबॅकच्या नाही.

टॅकलची यादी किती विश्वासाची?

चवीपुरती. एका ढिगाऱ्याखाली चौघे सापडले तर टॅकल कोणाच्या नावावर आणि मदत कोणाची, हे त्या मैदानावरचा नोंद ठेवणारा ठरवतो.

सप्टेंबरमध्ये बचाव विस्कळीत आणि पास धो-धो, हे खरं आहे का?

दर वर्षी नाही. २०११ मध्ये मात्र अगदी खरं होतं. खेळाडू आणि मालक यांच्या वादात लॉकआउट झाला (मालकांनी खेळाडूंना कामच बंद केलं), उन्हाळ्यापूर्वीचे सराव झालेच नाहीत, आणि बचावाचं आपापसातलं ठरवणं कच्चं राहिलं. पहिल्याच सोमवारी टॉम ब्रेडीने मायामीत ५१७ यार्ड फेकले, पुढच्या सामन्यात ४२३. त्या वर्षी ब्रीज ५,४७६, ब्रेडी ५,२३५ आणि स्टॅफर्ड ५,०३८ असे तिघे पाच हजारांपलीकडे गेले, आणि सप्टेंबरात पुढे असलेला ब्रेडी दुसरा आला. एरवी डिसेंबरातला वारा आणि गारठा उघड्या मैदानांवर पास महाग करतो, म्हणून तुमच्या क्वार्टरबॅकचं घरचं मैदान छताखाली आहे की नाही तेही पाहून ठेवा.

पहिल्या महिन्यात फँटसीत कोणाला विकायचं, कोणाला घ्यायचं?

थोडी टार्गेट्स आणि भरपूर टचडाउन असलेला रिसीव्हर द्या. भरपूर टार्गेट्स आणि एकही टचडाउन नसलेला घ्या. समोरचा माणूस यादी वरून खाली वाचत असतो, त्यामुळे सौदा सहसा स्वस्तात पटतो. फक्त मुख्य खेळाडूच्या दुखापतीमुळे काम मिळालंय का, एवढं आधी विचारा. नाकुआही तसाच आला होता आणि मेसनही.

भारतातून पाहताना यादी पूर्ण कधी समजायची?

मंगळवारी सकाळी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रविवार दुपारी एकचे सामने आपल्याकडे रात्री १०:३० ला सुरू होतात, त्यानंतरचे मध्यरात्री दीड-दोनच्या सुमारास, रविवार रात्रीचा सामना सोमवारी पहाटे ५:५० ला आणि सोमवार रात्रीचा मंगळवारी पहाटे पावणेसहाच्या आसपास. लंडनमधले सामने सर्वांत सोयीचे, संध्याकाळी सातला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं मागे जातात; तिथून पुढे अमेरिकेतल्या सामन्यांच्या वेळा आपल्याकडे एका तासाने पुढे धरा.